उताणं न निजणारं लेकरू

संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या त्या वर्षांत परभणी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात भूल द्यायचं काम माझ्याकडे होतं. नाकातोंडावर जाळीचा मुखवटा ठेवायचा, त्यावरच्या कापडावर ईथर थेंबथेंब सोडायचं. माझ्या ईथरच्या वासानं पार झरी गावचे बैल औताला उभ्या उभ्या पेंगायचे! पण तान्हं लेकरू समोर आलं की मी ईथरची बाटली दोनदा खाली ठेवायचो.

वालूरकडची एक धनगरीण दोन महिन्यांचं पोर घेऊन आली. पाठीवर लिंबाएवढं गळू (पुढे मी ते लोकांना टरबुजाएवढं सांगितलं). फाडणं भाग होतं. पोराची हनुवटी मात्र नसल्यात जमा, आत गेलेली. बाईनं त्याला हातावर पालथं धरलेलं.

"दाक्तरसाब, ह्याला उताणं नका टाकू."

"बाई, भूल उताणं निजवूनच देतात, पालथं मग करू. तुम्ही बाहेर बसा."

दार लावलं. दहा-बारा थेंब पडले असतील, पोराची छाती आत आत ओढायला लागली आणि हवा जाईना. जीभ मागे पडून घसा बंद. मुखवटा फेकला. जबडा पुढे ओढावा, तर धरायला जबडाच नाही! चिमट्यातून जीभ निसटली. ओठ जांभळे झाले.

"अहो, करा काहीतरी!" हातात सुरी घेतलेले मोठे डॉक्टर ओरडले.

तिचं बोलणं आठवलं, मी दार उघडलं. "बाई, आत या!"

तिनं मला कोपरानं बाजूला सारलं, पोर उचलून हातावर पालथं घातलं. कपाळ तिच्या बोटांवर, तोंड खाली मोकळं. जीभ पुढे लोंबली. घर्रर्र झालं आणि श्वास आला.

"दोन महिने असंच निजवायलेय म्या. कोकरू गुदमरलं तरी आमी असंच धरतो. तुमी काय करता, दार लावता?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "गळू पाठीवरच आहे. बाई, हलू नका."

मी तिच्या हाताखाली उकिडवा बसून ईथरचा बोळा पोराच्या नाकाशी धरला. अर्धी भूल मलाच चढली. गळू फुटलं, पोर रडलं, आणि मी तिथंच फरशीवर बसलो.

तेव्हापासून प्रत्येक आईला मी आधी विचारायचो, "हा निजतो कसा?" अजूनही कुणाच्या घरी तान्हं पोर उताणं निजलेलं दिसलं की माझा चहा निवतो. छाती हलतेय ना, हे बघायला मी दोनदा उठतो. बैलांचं मी वाढवून सांगितलं असेल. त्या ओठांचा रंग मात्र होता तेवढाच सांगितलाय.