साहेबांपुढे केलेलं कौतुक

नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी झाली आणि ती बांधायला सिमेंट-लोखंडाने भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी रेल्वेच्या यार्डात येऊन पडू लागल्या. आमचे हे तिथे वाघिणी जोडायचे. नियम असा, की डबे पूर्ण थांबल्यावरच मधे शिरून कपलिंग लावायचं. तो नियम भिंतीवर टांगलेला होता, देवाच्या तसबिरीसारखा. थांबत बसलं तर दिवसाकाठी निम्म्याही वाघिणी जुळत नसत, आणि यार्डाचे साहेब रोज ओरडायचे, "दुल्हन की तरह खड़े मत रहो, घुसो!"

एका सकाळी ह्यांचा तोल गेला. उजवा पाय गुडघ्याखाली चाकाने नेला.

चौकशी लागली. कामावरची दुखापत ठरली, तर फाटकावर बसून करायची नोकरी मिळणार होती आणि क्वार्टर राहणार होतं. स्वतःची चूक ठरली, तर दोन्ही जाणार होती. हे इस्पितळात असताना तेच साहेब आमच्या दारात आले. मी नागपूरची; घरी आलेल्याला चहाशिवाय सोडणं माहीत नाही. चिवडाही दिला. साहेब गोड आवाजात म्हणाले, "भाभी, आदमी तो आपका बड़ा फुर्तीला था?"

मला वाटलं, रदबदली करायची हीच वेळ. स्थळ दाखवताना मुलाचं करतात तसं मी कौतुक सुरू केलं. "बहुत फुर्तीले, साहब! गाड़ी रुकने की राह नहीं देखते. चलती में घुसके जोड़ते." वर हाताने करूनही दाखवलं. साहेबांनी चिवडा संपवला आणि सगळं लिहून घेतलं. मी खाली ऐटीत सही केली, कारण मला सही करता येत होती.

निकालात माझंच वाक्य निघालं. नियम मोडायची सवयच होती, बायकोच सांगते. ओरडणाऱ्याचा कुठे उल्लेख नाही. त्या मेल्याला मी अजून शिव्या देते. लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात. मी ह्यांच्या उरलेल्या पायावर मारला.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात कुणीतरी सहज विचारलं, यार्डात ह्यांचं काम कसं होतं? मी घाईघाईने म्हणाले, "फार सावकाश हो. अगदी जपून करायचे."

हे शेजारीच बसले होते, कुबडी मांडीवर घेऊन. म्हणाले, "फुर्तीला होतो, तेवढं तरी राहू द्यायचं होतंस."