राखेने घासलेली बाटली

प्रयोगशाळेत निर्जंतुक केलेल्या बाटल्या गरम वाफेतून बाहेर आल्या, की मला चुलीतल्या राखेचा वास येतो. उमरठजवळच्या एका वाडीत तीन भावंडांचे पाय एकाच आजाराने लुळे पडत चालले होते. त्यांच्या रक्तातून आम्ही जनुकातला दोष शोधला, त्यावर औषधाचा रेणू तयार केला, तो उंदरांवर लागूही पडला. पण इतक्या थोड्या रुग्णांसाठी औषध काढणं परवडत नाही म्हणून आमच्या कंपनीने काम बंद केलं. तेच सांगायला मी गेले होते. धाकटी मुलगी मला बघून ओटीवर हातांनीच सरकत पुढे आली. मी चप्पल काढतेय तोवर त्यांची आई आतून काचेची बाटली घेऊन आली. पूर्वी दवाखान्यात औषधाला बाटली घरूनच न्यावी लागे, ते तिच्या अंगवळणी पडलेलं. "ताई, तिघांना पुरंल इतकं द्या. राखेनं तीनदा घासलीय, वास नाय मारत." मी बाटली हुंगली, "स्वच्छ आहे" म्हणाले, ती पिशवीत टाकली आणि महाडची गाडी पकडली. बाटली माझ्या टेबलावर आहे. ती बाई अजून वाट बघत असेल. औषध येणार नाही हे तिला सांगू शकणारी मी एकटीच होते.