अबेनाच्या बाबांवरचा उजेड

या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते, टाइमपास म्हणून. कुणाच्या दारावर टकटक झाली, कुणाला वळणावर बाई दिसली... आणि वाचता वाचता मनातल्या मनात फॉल्ट शोधत बसते. नाशिकची डिप्लोमा इलेक्ट्रिकल आहे मी. माझ्या लेखी भूत म्हणजे लूज कनेक्शन. सासूबाई कुणाची दृष्ट काढायला लागल्या की "कशाला मीठमोहऱ्या वाया घालवता" म्हणणारी सून मी. तेव्हा पुढचं वाचून "हिलाही लागलं वेड" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मीही तेच म्हटलं असतं.

आम्ही दुबईत अल बर्शाला राहतो आणि अल क्वोजमध्ये माझा छोटा गाळा आहे. प्रदर्शनं, शोरूम यांचं लाइटिंग करून देणं हा माझा धंदा. हाताखाली शाजी – केरळचा, कामाला चोख, बोलायला कंजूष. आमचं बोलणं हिंदीत चालतं, त्यातही तो बहुतेक वेळा मान हलवूनच भागवतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीतल्या एका गॅलरीचं काम आलं. गॅलरी म्हणजे पूर्वीचं गोदामच, उंच छत आणि पांढऱ्या भिंती. आफ्रिकन चित्रकारांचं ग्रूप एक्झिबिशन होतं... म्हणजे कुणी घानाचे, कुणी सुदानचे, एकजण इथलाच अमिराती, ज्याची आजी झांझिबारची. सगळी चित्रं माणसांची. शारजातल्या फ्लॅटमध्ये एकमेकींच्या वेण्या घालत बसलेल्या बायका, वाळूत फुटबॉल खेळणारी पोरं, चर्चमधून घरी निघालेलं नटूनथटून कुटुंब. काळी माणसं, आपल्याच माणसांत, मजेत. खरं सांगते, इतकी वर्षं या देशात राहून मी त्यांच्याकडे असं थांबून कधी पाहिलंच नव्हतं.

त्यात एक चित्र होतं अबेनाचं. अबेना तिशीची, घानाची, पण वाढली अजमानमध्ये, तिथल्याच शाळेत चित्रकला शिकवते. मला पहिल्या भेटीतच 'आंटी' म्हणाली. त्यांच्यातही म्हणे मोठ्या बाईला नावानं हाक मारत नाहीत. तिनं तिच्या वडिलांना रंगवलं होतं. स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेत, मांडीवर वाडगा, आणि मान जरा वर... कुणीतरी आत्ताच दारातून आत आलंय आणि हे त्याच्याकडे बघतायत. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते.

"आंटी, आमच्याकडे त्यांचा एकही धड फोटो नाही," ती म्हणाली. व्हिसाच्या फोटोत त्यांचा चेहरा राखाडी झालेला, ग्रूप फोटोत नुसते दात आणि डोळे. अंत्यविधीला नाइलाजानं तो व्हिसाचाच फोटो मोठा करून लावला होता, तर तिच्या आईनं तो सगळ्यांदेखत उलटा करून ठेवला. म्हणाली, हा कोण माणूस आहे? त्यानंतर आईनं नवऱ्याचा कुठलाच फोटो पाहिला नव्हता. हे चित्रही नाही. "उद्घाटनाला येते म्हणालीय. पण तिला त्यात डॅडी दिसले नाहीत तर चित्र भिंतीवरून काढायचं, असं वचन घेतलंय माझ्याकडून."

मी म्हटलं, "येतील गं, आवडेल त्यांना." आणि शिडीवर चढले.

आता माझी पद्धत सांगते. हे काम मी शिकले मामाकडे. नाशिकला त्याचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा होता, कॉलेजात असताना मी त्याचे लाइट धरायची. मामाचं एकच तत्त्व – नवरी सावळी असली की लाइट वाढव. चेहरा उजळला पाहिजे, नाहीतर बोलणी आपल्याला खावी लागतात. पुढे मी कोर्सेस केले, मोठी कामं केली, पण हाताला लागलेलं वळण ते. गडद चेहरा दिसला की माझा हात आपोआप उजेड वाढवतो. तसाच मी अबेनाच्या बाबांवरही वाढवला, भरपूर.

या स्पॉटलाइट्सना प्रत्येकाच्या पाठीवर एक बारीक स्क्रू असतो. स्क्रूड्रायव्हरनं तो फिरवला की उजेड कमी-जास्त होतो. शिडी लावल्याशिवाय तिथे हात पोचतच नाही. मी अख्खी भिंत सेट केली आणि आम्ही जेवायला गेलो. परत आलो तर बाबांवरचा उजेड निम्म्यावर.

"शाजी, तुमने हाथ लगाया?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर पुन्हा खाली. बाकी सगळे दिवे जिथल्या तिथे. मी म्हटलं, स्पॉट गरम होऊन आपोआप मंदावत असेल, असं होतं कधीकधी. शेजारच्या चित्राचा स्पॉट काढून इकडे लावला, इकडचा तिकडे. संध्याकाळपर्यंत शेजारी गेलेला ठणठणीत, आणि बाबांवरचा नवा उतरलेला. वर चढून पाहिलं... स्क्रूच फिरलेला होता. व्होल्टेज पडलं तर उजेड जाईल, पण स्क्रू कसा फिरेल?

मी चिडले, अगदी मनापासून. मला वाटलं, गॅलरीतलं कुणीतरी आगाऊपणा करतंय. मॅनेजरला विचारलं तर तो हसायला लागला. "मॅडम, शिडी तर निघताना तुम्हीच गाळ्यावर नेता."

आणि नेमकी त्याच वेळी अबेना आली. मंद उजेडातल्या चित्राकडे बघून तिचा चेहरा फुलला. "आंटी, परफेक्ट!"

"अगं, हे व्हायचंय अजून," असं म्हणत मी शिडीवर चढून उजेड वाढवला. ती चित्राच्या अगदी जवळ गेली. मग हळूच म्हणाली, "आंटी, डॅडी गोरे नव्हते."

मला ते लागलं. "मी गोरं करत नाहीये, दिसायला लागावेत म्हणून करतेय. लोकांना चेहरा दिसायला नको?"

"आत्ता दिसत होता," ती म्हणाली. त्या चेहऱ्यात तिनं काळा रंग वापरलेलाच नव्हता म्हणे. निळा, जांभळा, गडद लाल, विटकरी, एकावर एक. जास्त उजेडात वरची चकाकी तेवढी दिसते, खालचं सगळं मरतं. मी मान डोलावली आणि तिच्यासमोर स्क्रू थोडा खाली आणला. वादात कशाला पडा.

पण उद्घाटनाच्या संध्याकाळी, अबेना आईला आणायला अजमानला गेलेली असताना, मी तो परत वाढवला. आता तुम्ही म्हणाल, बाई हट्टी आहे. आहे. पण तेव्हा माझ्या मनात खरंच चांगलं होतं. म्हातारी बाई, डोळे अधू असणार, दोन वर्षांनी नवऱ्याचा चेहरा बघणार... तिला नीट दिसायला नको? वाढवला आणि स्क्रूवर काळी इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळली. शाजी खाली शिडी धरून उभा होता. त्याच्याकडे बघून म्हटलं, "अब देखती हूँ."

लोक यायला लागले. अजमान-शारजाहून अख्खी कुटुंबं आली होती, रंगीबेरंगी कपड्यांत, डब्यांतून तिखट लाल भात घेऊन. पोरं चित्रांपुढे उभं राहून चित्रातल्यासारख्या पोझ देत होती. एक बाई वेण्यांच्या चित्रापुढे खो खो हसत होती, कारण त्यातली एक तिची बहीण होती. फार छान वाटत होतं तिथे. मी कोपऱ्यात ज्यूस घेऊन उभी.

अबेना आईचा हात धरून आली. आई उंच, ताठ, डोक्याला निळं कापड बांधलेलं. चित्रासमोर उभी राहिली. खूप वेळ पाहिलं. मग चेहरा मिटल्यासारखा झाला, आणि ती त्यांच्या भाषेत एकच शब्द बोलली. मला अर्थ विचारावा लागला नाही. अबेनाकडे बघून कळलं. पोरीनं ओठ दाबून धरले होते. आईनं पाठ फिरवली.

मी हातातला ज्यूस खाली ठेवला. कारण मलाही त्या क्षणी दिसलं... बाबा राखाडी होते. व्हिसाच्या फोटोतले. ते मी केलं होतं.

मी शिडीसाठी शाजीला हाक मारायला तोंड उघडलं आणि उजेड उतरायला लागला. फडफडला नाही, गेला नाही. कुणीतरी सवडीनं स्क्रू फिरवावा तसा, सावकाश. शाजी माझ्या शेजारी होता. वर कुणी नव्हतं. शेजारचे दोन्ही दिवे तसूभर हलले नाहीत. आणि त्या चेहऱ्यात निळा आला, मग लाल, मग गालाखाली ती विटकरी ऊब आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर एक माणूस बसलेला होता, दमून घरी आलेला, आणि दारात कुणाला तरी बघून खूश झालेला.

जमिनीवरचा उजेड बदलला म्हणून असेल, आई थांबली. वळली. मग चालत अगदी जवळ गेली आणि चित्राशी बोलायला लागली. हळू आवाजात, भराभरा, बोट नाचवत. अबेना रडत होती आणि हसतही होती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"भांडतेय, आंटी. इतके दिवस कुठे होतास म्हणून."

थोड्या वेळानं त्यांनी अबेनाला काहीतरी विचारलं. अबेनानं माझ्याकडे हात केला. आई माझ्यापाशी आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "तो घरी आला की स्वयंपाकघरात अगदी असा दिसायचा. तुम्ही ओळखत होतात त्याला?"

मी म्हटलं, "नो, मॅडम." दुसरं काय म्हणणार?

सगळे गेल्यावर वर चढून पाहिलं. टेप जशीच्या तशी, एक सुरकुती नाही. सोडवली तर आतला स्क्रू खाली फिरलेला. प्रदर्शन संपेपर्यंत मी त्याला हात लावला नाही आणि तो उजेड जागचा हलला नाही. नंतर स्पॉट गाळ्यावर आणून उघडला, चालवला, तापवला, आठवडाभर जळत ठेवला. फॉल्ट नाही. शाजीला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, छोड़ दो." घरी लेकीला सगळं सांगितलं. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "मेबी ही जस्ट डिडन्ट लाइक युअर लाइटिंग, आई." वात्रट कार्टी.

तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रिकलवालं असेल आणि काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. चित्र आता अजमानला आहे, अबेनाच्या आईच्या स्वयंपाकघरात. ते लावायला मीच गेले होते. दिवा लावायची गरजच पडली नाही, खिडकीतून येतं तेवढं पुरलं. निघताना आईंनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला, "खरंच ओळखत नव्हता तुम्ही त्याला?" आणि या वेळी मला 'नाही' म्हणवलं नाही.