शेंदराखालची फ्रेंच बंदूक

नवरात्रात बंदूक बघायला कोण जातं? मी जाते! जुन्या हत्यारांचं माझं वेड ठाऊक असूनही घरच्यांनी कपाळावर हात मारला. पण मैत्रिणीच्या काकांचा निरोपच तसा होता: "खंडेनवमीला ये. आमची बंदूक फ्रेंच आहे की नाही ते एकदाचं सांगून टाक. गाव हसतो मला."

रत्नागिरीहून सकाळच्या एसटीनं जयगड, तिथून फेरीबोटीनं तवसाळ. भाडं किरकोळ, परतीची शेवटची फेरी मात्र आधीच विचारून ठेवा, नाहीतर बसाल बोंबलत. पुढे हेदवीपर्यंत रिक्षा. रस्ता खड्ड्यांचा, पण डावीकडे समुद्र आहे, त्यामुळे माफ.

काकूंनी आधी घावने आणि नारळाचा रस वाढला. मग देवघरात नेलं. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, म्हणून पाटावर कोयता, विळी आणि ती. गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी जुनी बंदूक! पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर माखून ठिणगी पाडणारा भाग नुसता लाल गोळा झालेला. नळी मात्र लाकडाला तीन लोखंडी कड्यांनी बांधलेली, फ्रेंच बांधतात तशी.

"फ्रेंच असावी," मी म्हटलं. "पण खात्री कारखान्याच्या नावावरून होईल, आणि ते शेंदराखाली आहे."

काकांचा चेहरा पडला. "खापरपणज्याने फ्रेंच गलबतावरून आणलीन ती. गाव म्हणतो, जत्रेत घेतलीन. मरायच्या आधी मला कळायला हवं गो."

"देवाला खरवडायचं नाय हां!" काकूंनी बजावलं. मग त्यांनीच खोबरेल कोमट करून आणलं. काका फडक्यानं हळूहळू पुसत राहिले. थर मऊ पडले, निघाले, आणि लोखंडावर तिरकी अक्षरं दिसली. शार्लव्हिल. फ्रान्समधलं बंदुकांचं गाव! मी ओरडलेच. काका अक्षरांवरून बोट फिरवत ढसाढसा रडले. माझेही डोळे भरून आले.

मी मोबाईल काढला. "आता दाखवा गावाला!"

"थांब गो." काकांनी शेंदूर तेलात कालवला आणि ते नाव पुन्हा बुजवून टाकलं. "पूजा व्हायची आहे. देव असा उघडा नाय ठेवायचा."

"अहो, पण गाव हसेल!"

"हसू दे."

घरी आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न: फोटो कुठाय? नाही काढला. चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू? परवा काकूंचा फोन आला. पारावर कुणीतरी पुन्हा जत्रेतल्या बंदुकीचा विषय काढलान, आणि सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसले म्हणे.