फक्त लाईट चालेल

लातूरच्या मैदानावरच्या हस्तकला प्रदर्शनात पाच स्टॉल एकदम काळे पडले. आयोजक धावत आले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू सूर्य मीच बुडवला होता.

"ताई, तुमची पेटी गेली!"

"पेटी जात नसते," मी म्हणाले. "ती ट्रिप होते."

असं बोलायची तेव्हा मला फार हौस. वीज खात्यातून नुकतीच रिटायर झालेली, वय साठ, अक्कल यायची होती. नांदेडहून बॅटरीच्या पेट्या घेऊन मी प्रदर्शनांना फिरायचे. पेटी म्हणजे मोठ्या टिफिनएवढा डबा. आत बॅटरी, वर प्लग लावायच्या जागा. डब्यात किती वीज साठली ते एक, आणि एका दमात किती बाहेर देता येते ते दुसरं. दम संपला की डबा स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्यालाच ट्रिप म्हणायचं.

माझी पेटी सहाशे वॉटची. पाच स्टॉल, प्रत्येकी नऊ वॉटचे तीन बल्ब. एकशे पस्तीस. ट्रिप व्हायचं कारणच नव्हतं.

बटण दाबलं. उजेड आला. मिनिटभरात गेला. परत दाबलं, परत गेला. दुसरी भरलेली पेटी लावली. तिचीही तीच गत!

सगळ्यात हवालदिल होत्या मुखेडच्या शारदाबाई. त्यांच्या गटातल्या अकरा बायकांनी उन्हाळाभर गोधड्या शिवल्या होत्या. पुण्याच्या दुकानाच्या एक बाई गोधड्या बघायला गेटापर्यंत आल्या होत्या. पसंत पडल्या तर वर्षभराचं काम.

मी पाचही स्टॉलवर फिरले. "बल्बशिवाय" हा सोपा शब्द काही तोंडात आला नाही. विचारलं, "लाईटशिवाय दुसरं काही चालवताय का?"

"न्हाई ओ म्याडम," शारदाबाई म्हणाल्या. "समदं लाईटीवरच हाय."

बाकीच्यांचंही तेच. मी समाधानाने मान डोलावली आणि वायरी तपासत बसले. ठणठणीत होत्या.

तेवढ्यात पुण्याच्या बाई आल्या. मोबाईलचा टॉर्च गोधडीवर मारला. "रंग कळत नाहीत हो," म्हणाल्या आणि पुढच्या रांगेत गेल्या.

शारदाबाईंचा चेहरा पडला. मग माझ्यावर कडाडल्या, "म्याडम, लाईट येतीय का न्हाई? हिकडं माझी इस्त्री गार व्हायलीय!"

"काय?"

"इस्त्री. त्या बाईला चांगलं दिसावं म्हणून..."

टेबलाखाली वाकले. साडेसातशे वॉटची इस्त्री! मी तिथेच खाली बसले.

"शारदाबाई, मी काय विचारलं होतं?"

"तुमीच तर कागद चिटकिवलाय." त्यांनी पेटीवर बोट ठेवलं. माझंच वळणदार अक्षर: यावर फक्त लाईट चालेल. "इस्त्री काय रॉकेलवर चालतीय व्हय?"

पस्तीस वर्षं विजेत काढली. घरी वीज गेली की मीसुद्धा "लाईट गेली" असंच ओरडते. आणि कागदावर लिहिताना मात्र मला लाईट म्हणजे बल्ब! आयोजकांनी तोंडावर रुमाल धरला. हसू लपत नव्हतं.

इस्त्रीचा प्लग काढला, बटण दाबलं. पाचही स्टॉल उजळले.

शारदाबाई थांबल्या नाहीत. अर्धवट इस्त्री झालेली गोधडी खांद्यावर टाकली आणि रांगा ओलांडत पळाल्या. मी मागे, धापा टाकत. पुण्याच्या बाईंना गाठून त्यांनी गोधडी एका दिव्याखाली पसरली.

बाईंनी हात फिरवला. "ही बाजू अशी सपाट का?"

"इस्त्री मारली. दुसरी बाजू ऱ्हायली, लाईट गेली म्हणून." शारदाबाई रडवेल्या झाल्या. "करून देते की!"

"अजिबात नको! टाक्यांच्या सुरकुत्यांसाठीच तर लोक घेतात. तुमच्या सगळ्या अशाच सपाट आहेत?"

"न्हाई, हीच. तीबी अर्धीच."

बाई परत स्टॉलवर आल्या, उजेडात एकेक गोधडी उलगडून पाहिली आणि अकराही बायकांना वर्षाचं काम दिलं. शारदाबाई माझ्याकडे वळल्या. "बरं झालं म्याडम, तुमची पेटी कच्ची निघाली."

मी पेटीवरचा तो कागद काढून टाकला. तेव्हापासून कुठल्याही स्टॉलवर मी प्रश्न विचारत नाही. गुडघे कुरकुरत असले तरी आधी टेबलाखाली वाकून बघते.