हौसाबाईच्या डाळीतले खडे

भागिरथाबाईंना सगळं माहीत असायचं, आणि जे माहीत नसायचं ते कळेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे. शेलूबाजार गावात एखादी जीप थांबली आणि अनोळखी बाई उतरली, की ती कुणाकडे आली, कशाला आली, पिशवीत काय आणलंय, हे चहा उकळायच्या आत त्यांच्या कानावर आलेलं असे. नवरा दौलतराव वैतागून म्हणायचे, "अवं, तुले पोलिसात घ्याले पाह्यजे होतं." बाई म्हणायच्या, "पोलीस नुसते इचारते. मी आयकतो बी."

म्हणून तर सभासदांच्या दुकानाचा फळा त्यांच्याकडे आला. दुकान म्हणजे कुण्या एका शेटजीचं नव्हे. आसपासच्या दोनेकशे घरांनी भागभांडवल घालून चालवलेलं. माल त्यांचाच, मालकीही त्यांचीच, आणि भांडणं तर अर्थात त्यांचीच. मागे छोटी डाळ मिल, पुढे काउंटर, आणि दाराशी खिळ्याला शाळेतून मोडीत निघालेला लहानसा फळा. कुणाची तूर आली, कुणाला नातू झाला, मिल कधी बंद राहणार, सगळं त्यावर. जुन्या सभासदांतल्या कित्येक जणींना वाचता येत नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी दहा वाजता भागिरथाबाई चष्मा सावरून फळा मोठ्यानं वाचत. बाया भाजीच्या पिशव्या खाली ठेवून ऐकत. फळ्यावर आलं म्हणजे खरं, असं सगळे धरून चालत. बाईंना त्याचा अभिमान होता. चांगला घसघशीत होता.

आता दुकानाचा एक कायदा असा, की प्रत्येक पुडक्यावर पिकवणाऱ्याचं नाव. माल चांगला निघाला तरी नाव फळ्यावर, वाईट निघाला तरी फळ्यावर. तीन वर्षांपूर्वी मेडशीच्या एका गिऱ्हाइकाच्या दाताखाली खडा आला. पुडकं हौसाबाईंच्या तुरीचं. चाळून पाहिलं तर एक नाही, तीन खडे.

हौसाबाईंचा गावाला लागून भाजीचा मळा, थोडी तूर, आणि भागिरथाबाईंशी वीस वर्षांची मैत्री. एकीच्या घरची भाकर दुसरीच्या घरी मोडायची. पण कायदा म्हणजे कायदा. भागिरथाबाईंनी लिहिलं, 'हौसाबाईंच्या डाळीत खडे निघाले,' आणि बाजाराच्या दिवशी वाचलंही. हौसाबाई समोरच उभ्या होत्या.

"माह्या खळ्यात ताडपत्री असते, भागिरथे," त्या म्हणाल्या. "खडा येईन कुठून?"

त्या निघून गेल्या, त्या पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत. फळा आठवड्यानं पुसला गेला. पण बाजारात अजूनही कुणी ना कुणी त्यांची वांगी निवडता निवडता हसून विचारतंच, "खडे तं नाही ना वो याच्यात?"

खडा येईन कुठून. हा प्रश्न भागिरथाबाईंच्या डोक्यातून मात्र गेला नाही. ते तीन खडे त्यांनी रिकाम्या डबीत जपून ठेवले होते. काळसर, खरबरीत, एका बाजूला सपाट. असा दगड त्यांनी हौसाबाईंच्या वावरात शोधला, विहिरीच्या मलब्यात शोधला, रस्त्याच्या खडीत शोधला. छे! दौलतराव म्हणाले, "दगडं धुंडून राह्यली बुढी." बाईंनी लक्ष दिलं नाही.

मागच्या महिन्यात मिलचा रोलर बदलला. तूर ज्याच्यावर घासून सोलली जाते तो हा खरबरीत दगडी रोलर. मिल चालवणारे मारोतराव जुना रोलर मागच्या भिंतीशी टाकून जेवायला गेले आणि भागिरथाबाई उगाच बघायला गेल्या. उगाच म्हणजे त्यांच्या बाबतीत मुद्दाम. रोलरची एक कड बोटभर उडालेली होती. बाईंनी डबी उघडली. पहिला खडा तिथे बसला. दुसरा बसला. तिसरा जरा फिरवल्यावर असा बसला, की काढायला नख लावावं लागलं.

तीन वर्षांचं कोडं सुटलं. क्षणभर आनंदही झाला, खोटं कशाला बोला. मग बाई तिथेच मातीत बसल्या.

मारोतराव जेवून आले. त्यांनी रोलर पाहिला, खडे पाहिले. "तवाच उडाली असंन कड, तिचं पोतं चालू असतानी," ते म्हणाले. "पण आता कायले उकरून राह्यल्या, वहिनी? कोणाले आठवते?"

"हौसीले आठवते."

"अन् तुमच्या फळ्याचं काय? उद्यापासून लोक म्हणतीन, भागिरथाबाई खोटं बी लिहिते."

हे वर्मी लागलं. दोन दिवस बाई घरात इतक्या गप्प होत्या, की दौलतरावांनी कपाळाला हात लावून ताप पाहिला.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी फळा ओल्या फडक्यानं कोरा केला आणि लिहायला बसल्या. काउंटरवरची वर्षाराणी खांद्यावरून वाचत होती. "काकू, तुमचं नाव काहून टाकता? दुकानाची चूक, असं लिहा ना."

"दुकानानं नाही वाचलं," बाई म्हणाल्या. "म्या वाचलं."

दहा वाजले, माणसं जमली. पण जिनं ऐकायचं ती इथे येणार नव्हती, आणि तिला वाचता येत नव्हतं. भागिरथाबाईंनी फळा खिळ्यावरून काढला, अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून लिहिलेली बाजू वर करून डोक्यावर घेतला आणि सरळ बाजारात शिरल्या. मागे निम्मं दुकान.

हौसाबाई पालाखाली मेथीच्या जुड्या लावत होत्या. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. भागिरथाबाईंनी फळा वांग्यांच्या टोपलीला टेकवला, चष्मा सावरला आणि वाचायला लागल्या.

"हौसाबाईंच्या डाळीतले खडे आपल्या मिलच्या रोलरचे होते. हौसाबाईंची डाळ साफ होती. शहानिशा न करता लिहिलं आणि वाचलं ते भागिरथानं. चूक तिची." शेवटी आवाज फाटला.

आजूबाजूचं भाव करणं थांबलं. हौसाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. भागिरथाबाईंना वाटलं, आता ही उठून जाईल. मग हौसाबाईंनी वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. "तिकडं कांद्यावाल्यांच्या लायनीले आयकू नाही गेलं."

भागिरथाबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं, कांद्यावाल्यांकडे तोंड करून.