एर्सिलियाताईचे गुरुवार

माझी थोरली बहीण एर्सिलिया रोममध्ये जन्मली, रोममध्येच म्हातारी झाली आणि रोम काही तिने पाहिलं नाही. परदेशी पाहुण्यांना हे ऐकून हसू येतं. आम्हा तेस्ताच्चो वस्तीतल्या लोकांना त्यात नवल वाटत नाही. मी स्वतः कोलोसियम बसच्या खिडकीतून पाहतो, तेही सिग्नल लागला तर.

ताईचा नवरा ओत्ताव्हियो गाइड आहे. ‘तीन दिवसांत रोम’ हा त्याचा धंदा. गुरुवारी प्राचीन अवशेष, शुक्रवारी चर्च, शनिवारी उरलंसुरलं, आणि तिन्ही दुपारी जेवण माझ्या खाणावळीत. स्वयंपाकघर ताईचं. गुरुवारी ग्नोकी, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी, हा वारांचा नेम इथे कुणी मोडत नाही. गुरुवारी ती पहाटेच बटाटे उकडायची, हात पोळत असतानाच सोलायची, थोडं पीठ घालून मळायची, वळ्या करून कापायची आणि एकेका तुकड्यावर अंगठा दाबायची. तसे ग्नोकी अख्ख्या वस्तीत मिळत नाहीत, असं मीच गावभर सांगत सुटलो होतो.

पाहुणे जेवताना पाहिलेलं बोलायचे आणि ओत्ताव्हियो स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते ताईला सांगायचा. एकदा दोन बायकांची जुंपली. चर्चच्या घुमटीत सोनेरी खड्यांच्या भिंतीवर ज्या मेंढ्यांची रांग चितारली आहे, त्या बारा की तेरा? आमचे वडील कत्तलखान्यात कामाला होते, त्यामुळे ताईने मेंढ्या पाहिल्या त्या आकड्याला टांगलेल्या. तिने झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे तीन दिवस मागितले. तिला पाहुण्यांसारखं जायचं होतं. हॉटेलात राहायचं, डोक्याला टोपी घालायची, नवऱ्याच्या मागे मागे हिंडायचं आणि दुपारी दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवायचं.

“गुरुवार सोडून कुठलाही वार माग, ताई,” मी म्हणालो. “ते खांब दोन हजार वर्षं उभे आहेत, पळून थोडेच जाणारेत?”

हे वाक्य रोममध्ये प्रत्येकाच्या तोंडी असतं. ओत्ताव्हियोनेही मान डोलावली. आपण काय, कधीही जाऊ म्हणाला. सोमवारी खाणावळ बंद असायची, पण त्या दिवशी ओत्ताव्हियो पाय मिठाच्या पाण्यात घालून बसायचा. ताईने बावीस वर्षांत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गिऱ्हाईक काय म्हणेल, हे मला आधी आठवलं.

मग तिची नजर गेली. सगळी नाही, मधलीच. समोर धरलेलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय नाही.

तेव्हा कुठे मी दारावर पाटी लावली, या गुरुवारी ग्नोकी नाहीत. शेजारच्या न्हाव्याने टोमणा मारला, “फेर्रुच्चो, पोप वारले की काय?” मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

ओत्ताव्हियोने तिला नवी टोपी घेतली, हॉटेलात खोली घेतली, हाताला धरून सगळं दाखवलं. रविवारी ती परत आली, तेव्हा मी विचारलं, मेंढ्या दिसल्या का. ती म्हणाली, मान वाकडी केली की एका कोपऱ्यात पिवळं चमकायचं. बाकीचं ओत्ताव्हियोने कानात सांगितलं. एक मेंढी, दोन मेंढ्या, असं मोजत होता. मोजता मोजता त्याला रडू फुटलं आणि तो नवव्या मेंढीशीच थांबला. मग दोघं बाकावर बसून राहिली. जेवण मात्र फार चांगलं होतं म्हणे.

पुढच्या गुरुवारी ती पहाटे कामावर हजर. मी तिच्या हातातून बटाटे काढून घेतले. म्हटलं, आता हे पुरे, आता दर गुरुवारी तुला सुट्टी.

“आता कशाला रे?” ताई म्हणाली. “ग्नोकी तर मी डोळे मिटूनही करते. ते आजही होतात, उद्याही होतील. बघणं तेवढं तेव्हाच होणार होतं.”

तिने माझ्याकडून बटाटे परत घेतले, मळले आणि वळ्या कापायला लागली. एकही तुकडा लहान-मोठा नव्हता.